सांताला लांबूनच हात करा: कोविडच्या वर्षी थीम पार्कवाल्यांनी ख्रिसमस कसा जमवला

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिक किंगडम नावाचं पार्क आहे आणि त्याच्या मधोमध तो सगळ्यांनी कुठेतरी बघितलेला सिंड्रेलाचा किल्ला. ख्रिसमस आला की या किल्ल्यावर बारीक पांढऱ्या दिव्यांच्या माळा चढायच्या, इतक्या की लांबून बघितलं तर अख्खा किल्ला बर्फाचा वाटावा, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक छोटासा शो होऊन ते दिवे पेटायचे. २०२० ला त्या माळा लागल्याच नाहीत. त्याऐवजी अंधार पडला की प्रोजेक्टरने किल्ल्यावर ख्रिसमसची चित्रं टाकायची, थोड्या थोड्या वेळाने ती बदलायची, परत पहिलं चित्र यायचं, असं चालू राहायचं. शो नाही, काउंटडाउन नाही, काही नाही.

खूप लोकांनी नाकं मुरडली, म्हणाले पैसे वाचवले. आता पैशाची ओढाताण होतीच, ते काही खोटं नाही, पण मला यात दुसरीच गोष्ट दिसते. या बदलामुळे "किती वाजता आहे?" हा प्रश्नच संपला. सातला या नाहीतर साडेआठला या, तेच दिसणार, मग सगळ्यांनी एकाच वेळी तिथे जमायचं कारणच राहत नाही. आणि त्या वर्षी थीम पार्कवाल्यांनी ख्रिसमसमध्ये जे काही बदल केले त्यातले निम्मेअधिक या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, फक्त ते वरवर बघितलं तर कळत नाही, मास्क आणि सॅनिटायझरच्या बाटल्याच डोळ्यात भरतात.

आधी थोडं मागे जाऊ. थीम पार्कमधला ख्रिसमस म्हणजे नेमकं काय असतं? झाड, दिवे, गाणी, परेड, आतषबाजी, सांता. यातल्या झाडाला आणि दिव्यांना वेळ नसते, ते दिवसभर तिथेच असतात. बाकी सगळ्याला वेळ असते. तीनची परेड म्हटली की लोक दोनलाच रस्त्याकडेला बसायला लागतात, जागा धरून, पोराबाळांसकट, आणि परेड यायच्या वेळेला तिथे मुंगी शिरायला जागा नसते. आतषबाजीचं तर विचारूच नका, किल्ल्यासमोरच्या त्या गोल चौकात खांद्याला खांदा लावून अर्धा तास, तास उभं राहायचं. हे असंच व्हावं म्हणूनच तर ते बनवलेलं असतं! मोठी गर्दी, एक क्षण, सगळ्यांचा एकदम "आहा". तीच त्याची मजा.

आणि कोविडला नेमकं हेच आवडतं. म्हणजे बघा, हा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो, बोलताना, खोकताना, गाताना तोंडातून जे बारीक थेंब आणि त्याहून बारीक कण बाहेर पडतात त्यातून. उघड्या हवेत ते लवकर विरतात म्हणून पार्क हे बंद हॉलपेक्षा बरंच, पण उघड्यावरसुद्धा जवळ-जवळ उभे राहून तासभर एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत बसलात तर मग उघडं असण्याचा फायदा बराचसा गेलाच की. तीन गोष्टी धरून चालायच्या, किती जवळ, किती वेळ आणि हवा किती मोकळी. राइडच्या रांगेत माणूस निदान पुढे सरकत तरी असतो, परेडच्या कडेला तो तासभर त्याच चार माणसांच्या मध्ये अडकून पडतो.

आता डिस्ने वर्ल्ड २०२० मध्ये मार्चच्या मध्याला बंद झालं आणि ११ जुलैला त्यातल्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम उघडली, बाकीची दोन १५ जुलैला. सुरुवातीला क्षमतेच्या २५ टक्के लोक आत सोडायचे आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे सीईओ बॉब चेपेक यांनी सांगितलं की हे आता ३५ टक्के केलंय, सहा फुटांचं अंतर पाळून. आधी ऑनलाइन त्या तारखेचं रिझर्व्हेशन घ्यायचं, मग दारावर ताप बघणार, मग आत मास्क, आणि तो मास्क खाण्यापिण्यासाठी काढायचा असेल तर एका जागी थांबून, चालता चालता आइस्क्रीम नाही.

३५ टक्के ऐकलं की वाटतं अरे वा, रिकामं पार्क, धावत जाऊन सगळ्या राइड करू. पण गंमत अशी की डिसेंबरात आत गेलेल्यांना पार्क अजिबात रिकामं वाटलं नाही. हे कसं काय? इथे पार्क चालवणाऱ्यांचं गणित समजून घ्यायला लागतं आणि मला वाटतं या सगळ्या विषयातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग हाच आहे.

पार्कमध्ये आलेली सगळी माणसं रांगेत नसतात. काही राइडवर, काही रांगेत, काही हॉटेलात जेवत, काही दुकानात, आणि खूप मोठा घोळका परेड बघत, स्टेज शोला बसलेला, मिकीबरोबर फोटो काढायला उभा. म्हणजे परेड आणि शो ही नुसती करमणूक नसते, ती माणसं साठवायची टाकी असते. दीड हजार लोक एका नाट्यगृहात बसलेत म्हणजे दीड हजार लोक रांगेत नाहीत. आता तुम्ही परेड बंद केली, बंद हॉलमधले शो बंद केले, आतषबाजी बंद केली, मिकीचा फोटो बंद केला, तर ती सगळी टाकी रिकामी होऊन पाणी जाणार कुठे, रांगेतच ना! त्यात परत राइडची स्वतःची क्षमता घटलेली, कारण एका ओळीत एकच कुटुंब बसवायचं, मध्ये एखादी ओळ रिकामी सोडायची, नाहीतर प्लास्टिकचे पारदर्शक पडदे लावायचे. आणि रांगेत सहा सहा फूट अंतर, म्हणजे शंभर माणसांची रांग एरवी जेवढी जागा खाते त्याच्या दुप्पट-तिप्पट खाणार. एरवी रांग नागमोडी वळणं घेत एका शेडखाली मावते, पण शेजारच्या वळणातला माणूस दोन फुटांवर आला तर अंतराचा उपयोग काय, म्हणून तिथेही मध्ये पडदे लावले किंवा वळणं मोकळी सोडली, आणि उरलेली रांग बाहेर रस्त्यावर. डिसेंबरात काही राइडच्या रांगा पार लांबवर गेल्याचे फोटो फिरत होते, लोक म्हणायचे कसले ३५ टक्के, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती, डोळ्यांना रांग दिसते, टक्के दिसत नाहीत. बरेचदा ती रांग दिसायची दोन तासांची आणि सरकायची मात्र भराभर.

तर पार्कवाले असे कात्रीत सापडलेले. परेड ठेवली तर गर्दी, परेड काढली तर रांगा, आणि ख्रिसमसला परेड नाही म्हटलं तर आलेले लोक विचारणार की मग आम्ही आलो कशाला.

यातून जे निघालं त्याला ते कॅव्हलकेड म्हणतात. मराठीत छोटी मिरवणूक म्हणा. एखादा फ्लोट, म्हणजे सजवलेली मोठी गाडी, नाहीतर नुसती आठ-दहा पात्रं, काही मिनिटांत समोरून निघून जाणार, आणि मुख्य म्हणजे वेळापत्रक छापायचंच नाही. दिवसभरात बऱ्याच फेऱ्या. तुम्ही कॉफी घेऊन उभे आहात आणि अचानक स्पीकरवर गाणं बदलतं, मिकी आणि मंडळी ख्रिसमसच्या कपड्यात येतात, हात हलवतात, गेले पण. मागून कधीतरी खेळण्यातले शिपाई कवायत करत येतात, कधी सांता त्याच्या गाडीतून. माहीतच नाही कधी येणार तर जागा कशी धरणार! जो जिथे आहे तो तिथूनच बघतो आणि घोळका जमायच्या आत सगळं संपलेलं असतं. अ‍ॅनिमल किंगडममध्ये तर त्याहून सोपं केलं, पात्रांना बोटीत बसवून नदीत सोडलं, मधलं पाणीच अंतर पाळतं, "मागे व्हा, मागे व्हा" म्हणून ओरडायला माणूस उभा करायला नको.

मला हे कॅव्हलकेड प्रकरण फार हुशारीचं वाटतं आणि त्याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही असंही वाटतं. मी ते व्हिडिओतच बघितलं, पण त्यातली लहान पोरं बघा, त्यांना अर्ध्या तासाच्या परेडपेक्षा अचानक समोर आलेला गूफी जास्त आवडलेला दिसतो. अर्थात मोठ्या परेडची ती भव्यता नाहीच, दुधाची तहान ताकावर भागवली म्हणा हवं तर.

आता सांता. सांताचा प्रॉब्लेम वेगळा आहे कारण त्याच्यात वेळेचा नाही, जवळिकीचा मामला आहे. पोराने मांडीवर बसायचं, कानात सांगायचं काय पाहिजे ते, फोटो. एकामागून एक शेकडो पोरं, आणि सांता बहुतेक वेळा वयस्कर माणूस, खरी पांढरी दाढीवाला, म्हणजे ज्यांना या रोगाचा धोका सगळ्यात जास्त त्याच वयातला. म्हणजे आपण पोरांची काळजी करतोय पण खरी काळजी सांताची! त्यामुळे डिस्नेने त्याला मिरवणुकीत बसवून लांबून हात करायला लावला. न्यू यॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात तर सुमारे १६० वर्षांत पहिल्यांदा सांता दुकानात बसला नाही, ऑनलाइन भेटला. तिकडे अमेरिकेतली मुलं एवढी काळजीत की सांताला कोविड झाला तर, म्हणून तिथल्या सरकारचे मोठे साथरोगतज्ज्ञ डॉक्टर अँथनी फाउची यांनी डिसेंबरात टीव्हीवर सांगितलं की मी स्वतः उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला लस देऊन आलोय. ऐंशीला टेकलेला शास्त्रज्ञ, अख्खा देश त्याच्याकडे आकडे विचारतोय आणि तो हे पण करतोय.

गाण्यांचं मात्र कोणालाच काही करता आलं नाही. डिस्ने वर्ल्डमधल्याच एपकॉट पार्कमध्ये दरवर्षी कँडललाइट प्रोसेशनल नावाचा कार्यक्रम असतो, मोठं कॉयर म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा गट, ऑर्केस्ट्रा, आणि कोणीतरी प्रसिद्ध माणूस येऊन येशूच्या जन्माची कथा वाचतो. २०२० ला तो रद्द. काहींना वाटलं अति करतायत, उघड्या नाट्यगृहात तर असतो, लांब लांब उभे करा की गायकांना. पण यामागे एक खरी घटना आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीमध्ये १० मार्च २०२० ला एका कॉयरची प्रॅक्टिस झाली, अडीच तासांची, ६१ जण हजर. त्यातल्या एकाला थोडी सर्दी-खोकल्यासारखी लक्षणं होती. पुढे त्यातले ५२ जण आजारी पडले, काहींची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि बाकीचे लक्षणांवरून धरले, आणि दोघं वारले. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने त्याचा रिपोर्ट काढला आणि तेव्हापासून समूहगान म्हटलं की आयोजकांच्या पोटात गोळा. कारण सरळ आहे, गाताना आपण खोल श्वास घेतो आणि जोरात सोडतो, साधं बोलण्यापेक्षा खूप जास्त कण बाहेर पडतात, आणि कॉयरमध्ये माणसं ओळींनी जवळ जवळ उभी. म्हणून एपकॉटने मोठ्या कॉयरऐवजी व्हॉइसेस ऑफ लिबर्टी हा आपला छोटा गायकांचा गट स्टेजवर आणला आणि समोर प्रेक्षक अंतर ठेवून बसवले.

बाकी एपकॉटचं तसं बरं चाललं, कारण त्यांच्या सणाचा मोठा भाग खाण्याचा. वेगवेगळ्या देशांचे स्टॉल तळ्याभोवती लांब लांब पसरलेले, तुम्ही चालत फिरायचं, एकीकडे कुकी घ्यायची, दुसरीकडे दुसरी, कार्डावर शिक्का, पाच झाल्या की एक बक्षिसाची कुकी. यात कुठेच "सगळे एकदम" नाही. आणि पार्कला पैसेही मिळतात, जे त्या वर्षी विसरून चालणार नव्हतं. डिस्नेच्याच ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलच्या लॉबीत दरवर्षी खऱ्या जिंजरब्रेडचं माणूसभर उंचीच्याही वरचं घर बनवतात ते मात्र झालं नाही, कारण ते लॉबीत असतं, बंद जागेत, आणि त्याच्यापुढे फोटोला रांग लागते.

पैशावरून आठवलं. मॅजिक किंगडममधली मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी. हे नाव गोड आहे पण तो मोठा धंदा आहे. संध्याकाळी नेहमीच्या तिकीटवाल्यांना बाहेर काढतात आणि वेगळं तिकीट घेतलेल्यांनाच आत ठेवतात, २०१९ मध्ये ते तिकीट रात्रीप्रमाणे साधारण ९९ ते १३९ डॉलरचं होतं, आणि त्यात काय, तर खास परेड, खास आतषबाजी, फुकट कुकी आणि गरम कोको. आता वरची यादी परत वाचा, परेड, आतषबाजी, बुफेसारखं खाणं. एकूण एक गोष्ट त्या वर्षी करता येणार नव्हती. मग शंभर डॉलर घेऊन दाखवणार काय? रद्द केली. पण याची एक मजेशीर बाजू अशी झाली की ख्रिसमसचे कपडे घातलेली पात्रं, ते शिपाई, ते गाणं, जे बघायला आधी वेगळं तिकीट लागायचं त्यातलं बरंच काही नेहमीच्या तिकीटवाल्यांना भर दुपारी दिसायला लागलं.

तिकडे फ्लोरिडातल्याच युनिव्हर्सल ऑर्लँडो या दुसऱ्या पार्कवाल्यांनी वेगळीच शक्कल काढली. त्यांच्याकडे मेसीजचे ते प्रचंड फुगे असलेली ख्रिसमस परेड असते. परेड करता येत नाही पण फुगे तर आहेत! मग त्यांनी फुगे आणि फ्लोट एका शूटिंगच्या स्टेजमध्ये उभे करून ठेवले आणि लोकांना म्हणाले तुम्ही चाला. म्हणजे परेड थांबली आणि प्रेक्षक परेडसारखे तिच्यासमोरून गेले. मला हे इतकं आवडलं! एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर, एका वेळी मोजकी माणसं, कोणी जागा धरून बसत नाही. एकच खोट, की ही बंद जागा, म्हणून आत किती जण आहेत यावर लक्ष ठेवायला लागतं. पण माणूस आत थांबतो किती, दहा-पंधरा मिनिटं. परेडच्या तासाभरापेक्षा कधीही बरं. खुद्द मेसीजने न्यू यॉर्कमधली थँक्सगिव्हिंगची परेड तर नुसती टीव्हीसाठी केली, मैलोन्‌मैल जाणारी परेड ३४व्या स्ट्रीटवर एका ब्लॉकपुरती, रस्त्यावर प्रेक्षक नाहीत, आणि फुगे धरायला माणसांच्या फौजेऐवजी गाड्या.

आणि कॅलिफोर्नियात सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनने तर माणसाला गाडीतून उतरूच दिलं नाही. पार्कमधल्या रस्त्यांवरून आपली गाडी घेऊन जायचं, दोन्ही बाजूंना रोलर कोस्टर आणि दिव्यांची आरास. राइड बंद. म्हणजे पार्कमध्ये जाऊन पार्कमधलं काहीच करायचं नाही, पण घरात आठ महिने कोंडलेल्या माणसाला तेही पुष्कळ.

हे असं का करायला लागलं, तर कॅलिफोर्नियाचे नियम. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, एकाच देशात, एकाच कंपनीची दोन पार्कं, आणि एक जुलैपासून चालू तर दुसरं बंदच. रोगाला काय राज्याच्या सीमा कळत नाहीत, पण परवानगी राज्यं देतात. फ्लोरिडाने उघडायला दिलं. कॅलिफोर्नियाने रंगांची पद्धत काढली, जांभळा सगळ्यात वाईट, मग लाल, नारिंगी, पिवळा, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की मोठी थीम पार्कं त्यांचा जिल्हा पिवळ्यात आला की उघडा, तेही २५ टक्के. पिवळा म्हणजे दिवसाला लाखामागे एकाहून कमी नवीन रुग्ण. लॉस एंजलिसच्या आसपास, हिवाळा तोंडावर असताना! पार्कवाले चिडले, म्हणाले हे म्हणजे उघडू नका म्हणून सरळ सांगा की.

मग कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडने काय केलं, तर पार्क बंद पण पार्कमधला एक रस्ता उघडला. त्यांच्या दुसऱ्या पार्कमधली बुएना व्हिस्टा स्ट्रीट, जिथे दुकानं आणि हॉटेलं आहेत, ती १९ नोव्हेंबरला बाहेरच्या बाजाराला जोडली, म्हणजे कायद्याच्या भाषेत ते थीम पार्क नाही, बाजार आहे. ख्रिसमसची सजावट बघा, मिकीचे कान घ्या, काहीतरी खा, घरी जा. तिथल्याच नॉट्स बेरी फार्म या पार्कनेही तसंच खाण्याचं जत्रासदृश काहीतरी केलं, राइड न चालवता. पण डिसेंबरच्या सुरुवातीला राज्याने दक्षिण कॅलिफोर्नियाला घरीच थांबायचा आदेश दिला, बाहेर बसून खाणंही बंद, आणि खाण्याचं ते नियोजन परत गुंडाळायला लागलं. डिस्नीलँड शेवटी उघडलं ३० एप्रिल २०२१ ला. त्याआधी जानेवारीत त्यांच्या पार्किंगमध्ये लसीकरण केंद्र सुरू झालं होतं.

युरोपात तर हेलपाटेच. डिस्नीलँड पॅरिस जुलैत उघडलं, ऑक्टोबरच्या शेवटी परत बंद, मग म्हणाले निदान ख्रिसमससाठी १९ डिसेंबर ते ३ जानेवारी उघडू, मग तेही नाही, आणि थेट १७ जून २०२१. जर्मनीतलं युरोपा पार्क नोव्हेंबरपासून बंद. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंगमध्ये हिवाळ्याची मोठी मजा असते, त्यांना डिसेंबरच्या मध्याला लॉकडाउनने गाठलं. कोपनहेगनचं टिव्होली तर १८४३ पासूनचं, ख्रिसमससाठी नावाजलेलं, ते सजवून, उघडून, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बंद करायला लागलं. हाँगकाँग डिस्नीलँडचं तेच, एका वर्षात तिसऱ्यांदा बंद, २ डिसेंबरला.

हे नुसत्या तारखा म्हणून वाचलं तर काही वाटत नाही, पण ख्रिसमस आठवड्याभरात उभा राहत नाही हो. कपडे शिवणं, दिवे, फ्लोट दुरुस्ती, नाचणाऱ्यांच्या तालमी, खाण्याच्या ऑर्डरी, हे सगळं महिनोन्‌महिने आधी सुरू असतं. त्यामुळे डिसेंबरला नियम काय असतील हे उन्हाळ्यात ओळखून ठरवायचं, आणि चुकलं तर केलेला खर्च पाण्यात. यावरून त्या किल्ल्याच्या प्रोजेक्शनकडे परत बघा. दिव्यांच्या माळा चढवायला क्रेन आणि रात्रपाळीची माणसं लागतात. प्रोजेक्टर आधीच बसवलेले आहेत, उद्या बंद करायला लागलं तर बटण दाबा. युनिव्हर्सलचे फुगे पण तसेच, होते तेच वापरले. ओहायोतल्या किंग्ज आयलंडसारख्या पार्कांनी तर हिशोब करून विंटरफेस्ट हा आपला ख्रिसमसचा कार्यक्रम त्या वर्षी केलाच नाही, मला वाटतं तोही शहाणपणाच, कारण कमी लोक आत सोडायचे पण दिवे, पगार, वीज पूर्णच, तर मग प्रत्येक संध्याकाळी तोटाच.

आणि माणसं. डिस्नेने सप्टेंबर २०२० च्या शेवटी २८,००० लोकांना काढणार म्हणून सांगितलं, नंतर तो आकडा ३२,००० वर गेला. यात स्टेजवरचे कलाकार खूप. म्हणजे आपण इथे "परेड छोटी केली, कसली हुशारी" म्हणतोय तेव्हा त्या मोठ्या परेडमध्ये नाचणारे लोक घरी बसलेले होते, किंवा दुसरं काम शोधत होते. त्या आधी कलाकारांच्या युनियनचं आणि कंपनीचं टेस्टिंगवरून वाजलेलंही होतं, युनियनचं म्हणणं की गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना मास्क घालता येत नाही तर त्यांच्या टेस्ट करा, आणि ऑगस्टमध्ये टेस्टची सोय झाल्यावर ते कामाला यायला तयार झाले. मला त्यांचं पटतं. प्रेक्षक मास्क लावून सहा फुटांवर आहे, पण ज्याच्या बाजूला उभं राहून गायचं तो विनामास्क एका हातावर.

पुढच्या वर्षी, २०२१ ला, लस आलेली, १ जुलैपासून मॅजिक किंगडममध्ये आतषबाजी परत, कँडललाइट परत, युनिव्हर्सलची फुग्यांची परेड परत रस्त्यावर. युरोपात मात्र ओमिक्रॉनने घोळ घातला, १९ डिसेंबर २०२१ पासून नेदरलँड्स आणि डेन्मार्क दोन्हीकडे पार्कं बंद, म्हणजे एफ्टेलिंग आणि टिव्होलीचा लागोपाठ दुसरा ख्रिसमस मोडला.

डिस्नेची ती पार्टी २०२१ ला लगेच आली नाही, तिच्या जागी दुसऱ्या नावाने कमी तासांचा कार्यक्रम आला आणि तिकीट १६९ ते २४९ डॉलर. काही गोष्टी वरवर पाहता रोगामुळे बदलतात आणि मग किंमत तेवढी वर राहते, असो. मूळ पार्टी २०२२ ला परत आली. कॅव्हलकेडही पूर्णपणे गेले नाहीत, मोठी परेड परत आल्यावरही मधूनमधून एखादी छोटी मिरवणूक निघते, कारण पार्कवाल्यांना कळलं की कमी माणसांत दिवसभर काहीतरी हलतं ठेवता येतं. आणि ठरलेल्या वेळेची परेड आली तशी रस्त्याकडेला तासभर आधी चादर टाकून बसणारी मंडळीही आली, पोराबाळांसकट, शेजारच्याने पाय जरा जास्त पसरले की तिरकं बघत.